चौथ्या पायरीच्या आधी

सुकेळ्यांच्या करंड्या विरार स्टेशनात पोचवून मी सायकलवरून निर्मळला परत येत होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. समोरून अर्नाळ्याची मारीबाय येताना दिसली, डोक्यावर मासळीची पाटी. मारीबाय वाटेत कुणासाठी थांबत नाही, आणि थांबलीच तर पाटी डोक्यावर ठेवूनच बोलते. त्या दिवशी तिनं मला लांबून पाहिलं आणि पाटी उतरवून सरळ रस्त्याकडेच्या धुळीत ठेवली. तेवढ्यावरूनच मला कळलं. "मास्तर," ती म्हणाली, "घरी जा. अन्ना गेला तुमचा." मग जरा थांबून म्हणाली, "मी आत्ता वाडीवरनंच आली. काकी पानी पाजत होती, पाजता पाजताच गेला." मी सायकलवरून उतरलो... आणि सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर स्वतःचा श्वास पाहिला. हे सांगायला लाज वाटते, पण ज्या माणसाबद्दल लिहितो आहे त्याच्यापुढे लाजेखातर काही झाकून ठेवणं बरं नव्हे. श्वास चालू होता. रस्ता दिसत नव्हता, पण श्वास आपला येत होता, जात होता. बारा वर्षांपूर्वी कुणी टोपीवाला माणूस सायकलवरून येताना दिसला तरी अडायचा, तोच हा श्वास.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अण्णांना या पुरवणीचे वाचक ओळखत असण्याचं कारण नाही. निर्मळला केळीची आणि पानवेलीची दीड-दोन एकरांची वाडी, घराच्या मागे सुकेळी वाळवण्याचा मांडव, एवढाच त्यांचा पसारा. मुंबईच्या बाजारात त्यांच्या सुकेळ्यांना नाव होतं. पण पहाटे उठून हा माणूस काय करतो, हे शेजारच्या आळीतही धडपणे कुणाला माहीत नव्हतं. अण्णा वीस वर्षांचे असताना एक संन्यासी चातुर्मासापुरता निर्मळच्या देवळात उतरला होता, त्यानं चार महिने अण्णांना योगाच्या आठ पायऱ्या समजावून सांगितल्या आणि तो पुढे निघून गेला. पुन्हा कधी आला नाही, पत्र नाही, निरोप नाही. त्या चार महिन्यांच्या शिदोरीवर अण्णा पुढची चाळीस वर्षं एकटे चालत राहिले. मी शिकलेला माणूस नाही, योगशास्त्रावर बोलायचा मला अधिकार नाही. मी फक्त पाहिलं तेवढं सांगतो.

माझं गाव माणदेशात, इथून फार लांब. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढच्या शाळेला चार कोस चालावं लागे आणि वडील गेल्यावर गुरांमागे जायला घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा माझी पाटी-पेन्सिल तिथंच थांबली. पण वाचायचं वेड सुटलं नाही. मोठा झाल्यावर मुंबईला गिरणीत लागलो, तिथल्या कापसाच्या धुळीनं छाती धरली, आणि एका ओळखीच्या माणसानं हवापालट म्हणून निर्मळला पाठवलं. लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गावानं स्वतःच्या हिमतीवर झावळ्यांच्या छपराखाली एक शाळा काढली होती आणि तिला मास्तर टिकत नव्हता. शाळेचे पंच तिघे, त्यांतले आबा म्हणून एक मोठे बागायतदार होते. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांनी मला देवळाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचताना पाहिलं आणि विचारलं, "किती शिकलायस रे?" मला आजही कळत नाही, ते शब्द माझ्या तोंडातून कसे निघाले. मी म्हणालो, "सातवी. फायनल पास." "दाखला?" "घराला आग लागली, त्यात जळला." आग वगैरे काही लागली नव्हती. आबा म्हणाले, "दाखला जळला, अक्कल तर नाही ना जळली? ये उद्यापासून."

झालं, मी मास्तर झालो. पोरं लळ्याची होती, मी जीव ओतून शिकवत होतो, रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची गणितं स्वतः आधी सोडवून पाहत होतो. आईला पत्रातून कळवलं, तर तिनं गावभर पेढे वाटले. आणि मला मात्र श्वास पुरेनासा झाला. रस्त्यावर टोपी दिसली की दिपोटी आला असं वाटे. शाळा तपासणाऱ्या साहेबाला गावाकडे दिपोटी म्हणत. फळ्यावर लिहिता लिहिता छातीवर कुणी तरी गुडघा ठेवल्यासारखं होई, खडू हातातून पडे, पोरं पाण्याचा तांब्या घेऊन धावत. गावातल्या वैद्यांनी दमा नाही म्हणून सांगितलं. मग काय आहे, ते मी कुणाला सांगणार?

तिसरे पंच होते अण्णा. आबांचा एक निरोप द्यायला एकदा भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. घरासमोर कुणी दिसेना म्हणून मागच्या अंगाला गेलो. सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. घड आधी पेंढ्यात दडपून पिकवायचे, मग एकेक केळं सोलून कमरेइतक्या उंच बांबूच्या मांडवावर पसरायचं, आणि सहा-सात दिवस उन्हात ठेवायचं. त्या दिवशी मांडव पिवळ्याजर्द केळ्यांनी भरला होता आणि त्यांच्या गोडाला गांधीलमाश्या आल्या होत्या. दहा-वीस नव्हेत, नुसता घोंगाट चालला होता. आणि त्या घोंगाटात मांडवाच्या टोकाला, एका पाटावर, अण्णा मांडी घालून बसले होते. अंगात सदरा नव्हता. खांद्यावर माश्या, दंडावर माश्या, एक तर मिटलेल्या पापणीवरून सावकाश चालत भुवईवर चढली. अण्णांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. त्यांची छाती वर-खाली होते का तेही मला दिसेना. मी जागच्या जागी उभा राहिलो. देवळात गेलो असतो तर हात जोडले असते, इथं काय करावं तेच सुचेना. इतक्यात एक माशी माझ्या कानाशी आली आणि मी ओरडून जो पळालो, तो थेट स्वयंपाकघराच्या दारात काकींच्या समोर.

काकी म्हणजे अण्णांची बायको. जीभ कोयत्यासारखी. मला धापा टाकताना पाहून म्हणाल्या, "काय मास्तर, आमचं ध्यान पाहून आलात वाटतं? राखणीला म्हणून बसवते हो मी त्यांना. यांचं ध्यान लागलं की गावच्या कावळ्यांचं जेवण होतं." मग काठी घेऊन स्वतःच कावळे हाकायला गेल्या, आणि जाता जाता नवऱ्याच्या अंगावरच्या माश्यांना धक्का लागू नये म्हणून लांबून वळसा घालून गेल्या. तेही मी पाहिलं.

मला वाटलं, हा माणूस श्वासाचं काही तरी जाणतो. आठवड्याभरानं धीर करून गेलो आणि म्हणालो, "अण्णा, मला नाक धरायला शिकवा. तो प्राणायाम." अण्णा केळी सोलत होते. ते बोलताना कधी घाई करत नसत. "मास्तर, तुम्हांला श्वासाची पायरी हवी. ती चौथी." चौथी म्हणताच मला वाटलं, यांना कळलं! पण त्यांचा तसा काही हेतू नव्हता. ते साधेपणानं सांगत होते, "पहिली पायरी यमाची. दुसऱ्याशी कसं वागायचं ती. दुसरी नियमाची, स्वतःशी कसं वागायचं. तिसरी नुसतं बसायची. मग श्वास. श्वासानंतर इंद्रियांना घरी बोलवायचं, मग मन एका जागी ठेवायचं, ते वाहायला लागलं की ध्यान. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही, म्हणून सांगत नाही." मी म्हणालो, "पण मला श्वासाचाच त्रास आहे हो. पहिल्या तीन नंतर केल्या तर?" अण्णा हसले. "आधी सुकवून मग सोलता येईल का केळं?" काकी आतून म्हणाल्या, "शिकवा की हो त्या बिचाऱ्याला! चाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक आलंय." पण अण्णा बधले नाहीत. "सुट्टीच्या दिवशी मांडवावर येत जा," एवढंच म्हणाले.

मग मी जात राहिलो. पहिली पायरी पाठ करायला सोपी आहे. कुणाला दुखवायचं नाही, खरं बोलायचं, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, वासनेला आवरायचं, साठवायचं नाही. चौथीतलं पोरही घोकेल. अण्णा ती कशी जगत होते ते पाहताना मात्र माझी मान खाली जायची. माश्यांना ते कधी धूर करत नसत. मांडवापासून वीस हातांवर उतरलेल्या केळ्यांचं एक सूप त्यांच्यासाठी वेगळं मांडलेलं असे, "त्यांचं त्यांना दिलं की त्या आपलं आपल्याला ठेवतात," म्हणत. तरी काही माश्या मांडवावर यायच्याच, त्यांनाही ते पाहुण्यांसारखं सांभाळून घेत. व्यापारी माल बघायला आला की हेच आधी सांगणार, "ही खेप मनासारखी नाही उतरली, तिसऱ्या दिवशी ढग होते." व्यापारीच उलट म्हणायचा, "अहो अण्णा, दिसत नाही तर कशाला सांगता?" कुणाबद्दल वाईट बोलणं निघालं की ते उठून पानवेलीला पाणी लावायला जात. हे सगळं ते इतक्या सहज करत, की आपण काही विशेष पाहतो आहोत हे घरी आल्यावर कळायचं. आणि घरी आल्यावर मला माझी सातवी आठवायची.

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात अण्णांना एका लग्नासाठी दोन दिवस होळी गावाला जावं लागलं. काकीही सोबत गेल्या. शाळेला सुट्टी होती, मांडव त्यांनी माझ्यावर सोपवला. सुकेळ्यांच्या कामात एक गोष्ट फार जपावी लागते. दिवसभर उन्हात तापलेली केळी संध्याकाळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत झाकायची, पण ती पुरती गार झाल्यावर. गरम झाकली तर आतल्या आत घाम सुटतो आणि सगळी खेप आंबते. अण्णांनी मला हे तीनदा सांगितलं होतं. त्या संध्याकाळी कुणी तरी निरोप आणला की आबांकडे कोणी टोपीवाला पाहुणा आला आहे आणि शाळेची चौकशी करतो आहे. भराभरा केळी गोळा केली, तशीच ऊन ऊन झाकली आणि पळालो. पाहुणा आबांचा मेहुणा निघाला. पण तिसऱ्या दिवशी अण्णांनी पानं बाजूला केली तेव्हा मांडवावरून ताडीसारखा वास आला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "गार झाली होती का मास्तर?" "हो," मी म्हणालो, "चांगली गार झाली होती." अण्णांनी त्यातलं एक आंबलेलं केळं उचललं आणि सावकाश, शेवटपर्यंत खाल्लं. म्हणाले, "मग घड पिकवतानाच माझं काही चुकलं असेल." आणि खरोखर वाकून पेंढ्याची अढी तपासू लागले.

ते मला सोसवलं नाही. रागावले असते तर मी खोटं रेटून नेलं असतं. पण त्यांनी माझा शब्द खरा धरला आणि चूक स्वतःकडे शोधायला लागले! पेंढा वरखाली करणारी ती त्यांची पाठ पाहिली आणि माझा श्वास जो अडला तो सुटेचना. मी जमिनीवर बसलो. अण्णांनी येऊन पाठीवर हात ठेवला, आणि मी तुटक तुटक सगळं सांगून टाकलं. ऊन केळी झाकल्याचं आधी, मग टोपीवाल्याचं, आणि मग सातवीचं. "मी चौथी आहे अण्णा. आग वगैरे काही लागली नव्हती."

वाचकांना वाटेल, योगी माणूस, त्यांना आधीच कळलं असेल. नव्हतं कळलं. अण्णांचा चेहरा पडला. "असं?" ते म्हणाले. शेजारच्या वाडीतला रहाट तेवढा कुरकुरत होता. मग म्हणाले, "मला सांगितलंस. ज्यांना खोटं सांगितलं होतंस, त्यांना नाही सांगितलंस अजून." त्या क्षणापासून मी त्यांच्या तोंडी 'तुम्ही'चा 'तू' झालो, मास्तरचा सदू झालो. मी हात जोडले, "तुम्हीच सांगा ना आबांना. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकून घेतील." "ते खरं तुझं आहे, सदू. मी उचलून दुसऱ्याला दिलं तर ती चोरी होईल." मी म्हणालो, "आणि मी सांगितलंच नाही तर?" ते म्हणाले, "तर मी पंचांत बसणार नाही. बसलो तर माझं गप्प राहणंच खोटं होईल."

तसंच त्यांनी केलं. पुढचे सात-आठ महिने अण्णा शाळेच्या एकाही बैठकीला गेले नाहीत. गावात चर्चा झाली. आबा चारचौघांत म्हणायचे, "अण्णांना आता माणसं चालत नाहीत, माश्या चालतात." काकी चिडायच्या, "मी विचारते तर म्हणतात, कारण आहे पण माझं नाही. म्हणजे काय हो सदू? कुणाचं आहे?" मी मान खाली घालून केळी सोलायचो. एक शब्द बोललो असतो तर अण्णांवरचे टोमणे थांबले असते. नाही बोललो. शाळा जाईल, आई गावाला तोंड कशी दाखवेल, एवढंच डोक्यात घुमायचं. अण्णांनी मात्र एकदाही आठवण केली नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही! मला मांडवाच्या कडेला बसवायचे आणि म्हणायचे, "बस नुसता."

स्वातंत्र्य आलं, आणि पुढच्या वर्षी आमची शाळा जिल्हा बोर्डाकडे जाणार असं ठरलं. आबांना आनंद मावेना. बोर्डाची शाळा म्हणजे पक्की इमारत, आणि मास्तर कायम. फक्त माझ्या दाखल्याचा प्रश्न होता. आबांनी तोही सोडवला. एक कागद तयार केला, की या मास्तरांचा फायनलचा दाखला तो जळण्यापूर्वी आम्ही तिन्ही पंचांनी समक्ष पाहिला आहे. आबांनी सही केली, दुसऱ्या पंचांनी केली. माझ्यावरच्या मायेनंच केली, हे मला आजही सांगावंसं वाटतं. तिसरी सही अण्णांची हवी होती. आबा स्वतः कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णा म्हणाले, "रविवारी सभा आहे ना, तिथं बघू." मधले दोन दिवस मी मांडवाकडे फिरकलो नाही. माझ्या मनात काय होतं ते लिहितो. अण्णा सही करणार नाहीत याची मला खात्री होती. त्यामुळे मला वाटे, आता ते सगळ्यांसमोर नाही म्हणतील, का ते गाव विचारील, आणि मी उघडा पडेन. मला त्यांचा राग येत होता. माझ्यावर एवढे उपकार करणाऱ्या माणसाचा मला राग येत होता.

रविवारी सकाळी शाळेच्या झावळ्यांखाली सगळा गाव जमला. अर्नाळ्याहून मारीबायही आली होती, तिचा पास्कू माझ्याकडे शिकत होता. अण्णा आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. आबांनी कागद वाचून दाखवला आणि अण्णांपुढे धरला. का कोण जाणे, मला मांडवावरचा तो आंबूस वास आला आणि वाकून पेंढा चाळणारी ती पाठ दिसली. अण्णांनी हात पुढे केला होता, तेवढ्यात मी उभा राहिलो. "थांबा," मी म्हणालो. "मी सातवी पास नाही. मी चौथी आहे. दाखला जळला नाही, तो कधी नव्हताच." क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आबांचा चेहरा लाल झाला. "गाढवा! आणि आम्ही सह्या केल्या त्या? आमच्या तोंडाला काळं फासायला आला होतास इथं?" मी म्हणालो, "चुकलं, आबा." त्याहून अधिक बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. आबांनी कागदाचे तुकडे केले. मागून मारीबायचा आवाज आला, "आबा, उगा कशाला वरडते? माजा पास्कू वाचतो, लिवतो. चौथीवाल्यानं शिकवला म्हनून काय तो परत आडानी होयाल काय?" लोक हसले. आबाही हसले असावेत, पण त्यांनी तोंड फिरवलं होतं. ते माझ्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "काय रे, सुकेळी तरी गार करून झाकतोस ना?"

शाळेवर महिन्याभरात शिकलेला मास्तर आला. चांगला होता. आईला मी खरं कळवलं. उलट टपाली तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की जेवत जा. मी वळकटी बांधून अण्णांच्या पाया पडायला गेलो, तर ते म्हणाले, "उद्या दोन घड सोलायचे आहेत. लवकर ये." तेव्हापासून मी त्या मांडवावरच आहे.

प्राणायाम त्यांनी मला शिकवला, पण फार उशिरा. सभेनंतर दीडेक वर्षानं एकदा म्हणाले, "आज किती वेळ बसला होतास माहीत आहे?" मला वाटलं पाच-दहा मिनिटं. मांडवावरची सावली या टोकाची त्या टोकाला गेली होती. आणि एवढ्या वेळात मी एकदाही रस्त्याकडे पाहिलं नव्हतं, कोण येतं कोण जातं. "आता नाक धर," अण्णा म्हणाले. मी धरलं. पुढच्या पायऱ्यांचं मी काय सांगू? मी तिथं गेलो नाही. फक्त दारातून आत पाहावं तसं अण्णांकडे पाहत आलो. कधी कधी पहाटे ते बसलेले असत आणि त्यांच्या भोवतीची हवासुद्धा थांबल्यासारखी वाटे. केळीचं पान हलायचं ते दबकून हलतंय असं वाटायचं. मी पाणी घेऊन जायचो आणि तसाच तांब्या हातात धरून उभा राहायचो. आपल्यासारख्याच हाडामांसाचा माणूस, ज्याला सकाळी काकींच्या शिव्या खाव्या लागतात, तो एवढा आत कुठे जात असेल? विचारलं तर म्हणायचे, "जात कुठे नाही रे. इथंच असतो. एरवीच कुठे तरी गेलेला असतो."

आणि अशा माणसाला शेवटी दम्यानं गाठलं. गेल्या थंडीत खोकला धरला, तो छातीत उतरला. चार शब्द बोलले की पाचवा निघेना. गावात कुजबुज झाली, "आयुष्यभर श्वास धरून बसले, आणि श्वासानंच धोका दिला!" मलाही आतून तोच प्रश्न खात होता. एका दुपारी ते उशांना टेकून बसले होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला तो गुडघा ओळखीचा होता, छातीवर ठेवलेला. मी न राहवून विचारलं, "अण्णा, भीती वाटते?" काकींनी डोळे वटारले. अण्णांनी दम गोळा केला. "वाटते," म्हणाले. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "आली आहे... बसू दे तिला पण." आणि त्यांनी बिछान्यावर थोडं सरकून खरंच जागा केली. ते हसत होते, पण थट्टा करत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांचं पुष्कळ पाहिलं, अंगावर माश्या घेऊन बसलेलं पाहिलं, पण त्या सरकण्याइतकं मोठं दुसरं काही पाहिलं नाही.

परवा, हा लेख लिहायचं ठरल्यावर, मी काकींना विचारायला गेलो. सकाळची वेळ. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पाहतो तर अण्णांच्या बसण्याच्या जागी, भिंतीकडे तोंड करून, काकी मांडी घालून बसलेल्या. माझी चाहूल लागली तशा डोळे न उघडता म्हणाल्या, "ध्यान-बिन काही नाही हं. जागा रिकामी दिसते ती बघवत नाही, म्हणून बसते." मी उंबऱ्यावर टेकलो आणि लेखाचं सांगितलं. "शाळेचं लिहिणार?" "सगळं लिहिणार." "मग एक राहिलंय तुला सांगायचं. त्यांनी, मी असेपर्यंत बोलू नको, म्हटलं होतं, म्हणून बोलले नाही." आता त्यांनी डोळे उघडले. "त्या रविवारी सभेला निघताना यांनी खिशाला पेन लावलं. मी म्हटलं, पेन कशाला? तर म्हणाले, आज माझ्या हातून खोटं होणार आहे. आबाच्या कागदावर सही करणार आहे मी. मी म्हटलं, अहो, मग एवढी वर्षं बसलात ती? तर म्हणाले, ती जातील. पण त्या पोराचा श्वास माझ्यासमोर बंद पडतोय, तो बघत मी खरं घेऊन कुठं बसू?" काकींनी पदरानं नाक पुसलं. "दोन दिवस जेवले नव्हते बघ. परत आले, मी विचारलं, केलीत सही? म्हणाले, वेळ आली नाही. मग पोटभर जेवले. भात दोनदा मागून घेतला."

काकी पुन्हा भिंतीकडे वळून बसल्या, आणि मी उंबऱ्यावर तसाच बसून राहिलो. खोलीत वारा नव्हता. सभेत अण्णांनी हात पुढे केला होता तो नाही म्हणायला, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या दिवशी बाकावर ते माझ्या अगदी शेजारी होते, खांद्याला खांदा लागेल इतके. पण मी माझाच श्वास मोजत होतो... त्यांचा कसा चालला आहे, ते मी एकदाही वळून पाहिलं नाही.